देवीहून थेट घरी

आमच्या घरात एक नियम होता. तो कुठल्या पोथीत लिहिलाय ते मला आजतागायत कुणी दाखवलेलं नाही. देवीचं दर्शन घेऊन निघालं की वाटेत कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, थेट आपल्या घरी यायचं. मध्ये कुणाकडे पाणी जरी प्यायलं तरी मिळालेलं पुण्य त्या घरात राहतं म्हणे. हा नियम माझ्या आत्याचा. पप्पांची ही थोरली बहीण. त्यांची आई लहानपणीच गेली म्हणून हिनंच पप्पांना वाढवलं, आणि त्या उपकाराची परतफेड पप्पा जन्मभर आमच्या जिवावर करत राहिले.

मी सहावीत होते. आमचा मळा नाशिकच्या कडेला. मेथी, कोथिंबीर, थोडी गुलाबाची फुलं. वर्षभर पहाटे तोडणी आणि मग मार्केट. त्यामुळे आईला माहेरी जायचं म्हटलं की घरात कपाळाला आठ्या. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठला की मगच चार दिवस सुटका. आईचं माहेर कळवणजवळ. त्या हिवाळ्यात तिच्या वडिलांना, आमच्या आबांना, लकवा मारला होता. एक बाजू गेली, जीभ जड झाली. आईनं त्यांना त्यानंतर पाहिलंच नव्हतं. ती रोज विचारायची, "अहो, कधी जायचं?" आणि पप्पा म्हणायचे, "मे महिन्यात गाडी करणारच आहोत ना, तेव्हा जाऊ."

गाडी केली. भाड्याची जीप. पुढच्या सीटवर अर्थातच आत्या. तिला गंगापूर रोडच्या तिच्या नव्या फ्लॅटवरून घेतलं. आधी चांदवडची रेणुकामाता, मुक्काम तिथल्याच धर्मशाळेत, दुसऱ्या दिवशी देवळा, कळवण करत सप्तशृंगी गड. आईनं आबांसाठी मऊ धोतर घेतलं होतं आणि ते दोन दिवस मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

कळवणच्या अलीकडे फाट्यावर मामा उभा होता. किराणा दुकानातल्या फोनवर त्याला निरोप दिलेला. घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. आई उतरायला लागली तशी आत्या म्हणाली, "आधी देवी. देवीला निघालेल्या माणसानं मध्येच पाहुणचार घ्यायचा का?" पप्पांनी जीप बंदसुद्धा करू दिली नाही. खिडकीतूनच मामाला म्हणाले, "दुपारपर्यंत दर्शन करून येतो. आबांना सांगा, निवांत बसू." मामा बिचारा हसून "या, या" म्हणाला.

गडावर आईनं देवीची ओटी भरली. पायऱ्या उतरताना ती जवळजवळ पळत होती. आत्याचे गुडघे दुखत होते, ती दर टप्प्याला बसायची, आणि आई खाली उभी राहून पदराचं टोक पिळत असायची.

घाट उतरून नांदुरीला आलो. तिथून एक रस्ता कळवणला जातो, दुसरा वणीला. ड्रायव्हरनं विचारलं, "कळवणकडं ना?"

"कळवण कशाला?" आत्या म्हणाली. "देवीहून थेट घरी. एवढ्या उन्हात पायऱ्या काय दुसऱ्याच्या घरी पुण्य ठेवायला चढले का मी?"

आईचा आवाज आधी मऊच होता. "अक्का, मी घरात पाऊल टाकणार नाही. त्यांना फाट्यावर आणतील. मी गाडीतूनच बघते."

"देवीपेक्षा बाप मोठा झाला का तुला?"

"हो, झाला," आई म्हणाली.

 मग ती पप्पांना म्हणाली, "मला इथंच उतरवा, मी एसटीनं जाते." पप्पा म्हणाले, "रस्त्यावर तमाशा नको. पुढच्या आठवड्यात आपण दोघं खास जाऊ." आणि ड्रायव्हरला हात केला, वणी.

बरं, थेट घरी तरी गेलो का? छे! दिंडोरीला आत्याच्या नणंदेचं घर. आमरस, कुरडया, तळलेल्या मिरच्या, सगळा थाट तयार. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं! मी भर पंगतीत विचारलं, "आत्या, इथं पुण्य राहत नाही का गं?" पप्पांनी माझ्या कानाखाली काढली. आत्या म्हणाली, "हे घरचंच आहे, आणि वाटेवर आहे." आई बाहेर जीपमध्येच बसून राहिली. नणंदबाई पाणी घेऊन गेल्या तर म्हणाली, "नको, मी देवीहून आलेय."

पुढचा आठवडा आलाच नाही. आज बियाणं, उद्या मोटर जळाली, परवा पाव्हणे. आषाढ लागायच्या आत आबा गेले.

तेव्हा मात्र जीप तासाभरात मिळाली. आत्याही आली, पुन्हा पुढच्याच सीटवर. मयताला जायचं तर कुठला नियम आड येत नाही.

मामी आईच्या गळ्यात पडली. रडणं ओसरल्यावर तिनं सांगितलं. पप्पा दारात उभे होते, आत्या भिंतीला टेकून बसलेली.

"त्या दिवशी सकाळीच दाढी करून घेतली, ताई. स्वच्छ कपडे घालून ओट्यावर बसले. रस केलता, पण पोर येऊ दे म्हणून घास नाय घेतला. दिवस कलला तशी त्यांची घालमेल सुरू झाली. ह्यांना म्हणले, माझी पोर मला भेटल्याबिगर जायची नाय. घाटात गाडी दरीत गेली असंल. जा, बघून ये."

मामा शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन गेला होता. घाटाच्या एकेका वळणावर थांबून त्यानं खाली दरीत वाकून पाहिलं होतं. शेवटी नांदुरीच्या चहावाल्यानं सांगितलं, तशी जीप मघाच वणीकडं गेली. आम्ही तेव्हा दिंडोरीला रस ओरपत होतो.

"मग? आबा काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"काय नाय. म्हणले, जिवंत हाय ना? मग झालं. आन् आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले."

आई उठली. पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. सगळं घर ऐकत होतं.

"त्या दिवशी गाडी खरंच दरीत गेली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मीही त्याच गाडीत होते. तरी मला तिचा राग आला नाही.