बिदरची आपा, वरंगलची लक्ष्मी

गाडी परभणीच्या फलाटावर उभी होती आणि आई खिडकीला धरून होती. आमच्या पोखर्णीहून आम्ही बैलगाडीनं आलो होतो. शिट्टी झाली तेव्हा एवढंच म्हणाली, "शांते, उपाशी ऱ्हाऊ नको. अन् घाबरलीस तरी परत पळून येऊ नको."

निजामाचं राज्य होतं. माझे वडील मास्तर. मॅट्रिक झालेल्या पोरीला हैदराबादच्या कॉलेजात धाडणं गावाला खुळेपणा वाटला. वडील म्हणाले, "वाटू दे." गावात राहिलेल्या आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्या माझ्या माणसांनो, तिथं मला काय मिळालं ते तुम्हाला सांगायचंय.

कॉलेजात सगळं उर्दूतून. मला बाजारापुरती उर्दू यायची. इतिहासाचा तास सुरू झाला की काही कळायचं नाही. वसतिगृहात मी कोपरा धरून जेवायची. तिथल्या मुलींची एक मजलिस होती. शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला, त्या मागच्या अंगणात जमायच्या. एका जुम्म्याला जुबेदाआपानं माझा हात धरून मला तिथं नेलं. ती बिदरची, माझ्याहून दोन वर्षं पुढं, म्हणून आपा, थोरली बहीण.

"डर किस बात का है?" तिनं विचारलं.

"मैं फेल होती," मी कसंबसं म्हटलं.

कुणी हसलं नाही. वरंगलची लक्ष्मी म्हणाली, "मैं भी रोती थी. मेरी तो तेलुगू है."

त्या दिवसापासून आपा मला रोज उर्दू वाचायला बसवायची. माझं गणित चांगलं, म्हणून मी लक्ष्मीला गणित शिकवायची. दिवाळीपर्यंत मी उर्दूत भांडायलासुद्धा लागले.

दुसऱ्या वर्षी वडील तापानं गेले. दिवस उरकून मी परीक्षेसाठी परतले, तर आठवड्यातच काका हजर. ते तहसील कचेरीत होते, आता घरात त्यांचा शब्द.

"सोनपेठचं स्थळ आलंय. बास झालं शिकणं. सामान बांध."

मी सामान आणायला उठले. भेटीच्या खोलीला पडदा होता. मुली त्याच्यामागं उभ्या होत्या. परक्या पुरुषाशी कधीच न बोललेली आपा पडद्याआडून बोलली, "चाचाजान, आदाब. शांता के वालिद चाहते थे कि वो बी.ए. करे. आप अपने भाई की ख्वाहिश अधूरी छोड़ेंगे?"

काका खुर्चीत सावरून बसले. असली उर्दू त्यांनी फक्त तहसीलदारांच्या तोंडून ऐकली होती.

"मगर बेटी, लोग क्या कहेंगे?"

"जो आप कहेंगे, लोग वही कहेंगे, चाचाजान."

आता माझ्यात धीर आला. मी म्हटलं, "काका, मी येत न्हाई. दादांनी मला हितं धाडलंय. मी शिकून येते."

काकांनी एकदा पडद्याकडं पाहिलं. मग टोपी उचलून म्हणाले, "दादाचीच लेक हायस तू. दे परीक्षा." सोनपेठच्या लोकांना नकार त्यांनीच कळवला.

मी पहिल्या वर्गात पास झाले. सुट्टीत आपा आणि लक्ष्मी माझ्यासोबत पोखर्णीला आल्या. आपाचे भाऊ सोबतीला होते. आईनं पेटीतून चोळीचे तीन खण काढले. दारातली शेजारीण कुजबुजली, "त्या बुरख्यावालीला बी?"

"तिला आदी," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माज्या लेकीसाठी ती बोलली. तुमच्यातलं कोण बोललं व्हतं?" काका ओसरीवरच होते. त्यांनी मान डोलावली.

मी बी.ए. झाले, हैदराबादेतच शाळेत शिकवू लागले. पुढं निजामाचं राज्य गेलं. माणसं एकमेकांकडं संशयानं पाहू लागली, पण आम्हा तिघींचं एकमेकींच्या घरी जाणं-येणं एक दिवसही थांबलं नाही. आम्ही हे निभावलं, याचा मला बी.ए.पेक्षा जास्त अभिमान आहे.

गाव विचारलं तर मी अजून पोखर्णीच सांगते. घर मात्र मला या दोघींशिवाय सांगता येत नाही. माझ्या मुली जुबेदामावशी, लक्ष्मीमावशी करत वाढल्या. आपल्याला सख्खी मावशी नाही, हे धाकटीला पुष्कळ मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मीही सांगायची घाई केली नाही.