टाकीवाल्याची होडी

येसाजीराव जाधवांनी बेंगळूरच्या पीण्या भागातल्या आपल्या शेडमध्ये निम्मं आयुष्य लोखंडी पाण्याच्या टाक्या करण्यात घालवलं. पाणी आत राहिलं पाहिजे, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मग नव्वद सालाच्या सुमारास काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या बेंगळूरच्या गच्च्यांवर जाऊन बसल्या आणि यांचा धंदाही बसला. दुसरा एखादा देवधर्माला लागला असता. यांनी उरलेल्या पत्र्याची होडी केली. पाणी आत ठेवायचं नाही, बाहेर ठेवायचं, म्हणजे टाकीच की, फक्त उलटी, असं ते म्हणत.

घराणं जुनं, तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथं आलेलं. पूर्वज घोड्यांवरून आले असं घरात सांगत. ते घोड्यांना चंदी घालायला आले असावेत, असा त्यांच्या बायकोचा, सोयराबाईंचा संशय होता. ते काहीही असो, या घराण्याचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. तरीही येसाजीरावांनी ठरवलं की उन्हाळा आला की कुंदापूरच्या खाडीत जायचं. होडीतच राहायचं, होडीतच शिजवायचं, आज या बेटाशी मुक्काम तर उद्या त्या गावाशी.

सोयराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सरी, चालेल," त्या म्हणाल्या. "एक उन्हाळा येते. पण मी नको म्हटलं की होडी भंगारात. परत त्या होडीचं नाव काढायचं नाही."

येसाजीरावांनी खंडोबाची शपथ घेतली आणि लगेच पस्तावले. नको म्हणण्यात बायकोचा हात धरणारं त्यांच्या नात्यात कुणी नव्हतं.

होडी आधी गावाबाहेरच्या तळ्यात सोडून पाहिली. तरंगली. तिला विहिरीवरच्या पंपाचं जुनं इंजिन बसवलं. चिकपेटेच्या बाजारातून नायलॉनचे दोर आणले. "हत्ती बांधा, अण्णा," दुकानदार म्हणाला. शहाण्णव सालच्या एप्रिलात होडी लॉरीवर चढून घाट उतरली, आणि मागोमाग शिध्याची पोती घेऊन हे दोघं.

उन्हाळ्यात लोखंडी होडीत राहणं म्हणजे तव्यावर राहणं. पहिल्याच दिवशी सोयराबाईंचा चेहरा लालबुंद झाला. होडक्यातून मासे विकत फिरणाऱ्या अंबुबाई खारविणीला त्यांची दया आली. तिने नारळाची झापं आणून छपरावर घातली, तेव्हा कुठे आत बसवू लागलं. सोयराबाई नको म्हणाल्या नाहीत. हवं असंही म्हणाल्या नाहीत. येसाजीराव सुकाणू धरून पुढे बघायचे सोडून मागे बायकोच्या तोंडाकडे बघत, आणि होडी दोनदा वाळूत घुसली ती त्यामुळेच.

चार दिवस ते जिथं जातील तिथं खाडीच्या मधोमध नांगर टाकून राहिले. पाचव्या दिवशी इंजिनाचा पट्टा तुटला, म्हणून सकाळी सकाळी होडी बांबूने रेटत गंगोळीच्या दगडी धक्क्याला लावावी लागली. खाडी तुडुंब भरलेली होती. येसाजीरावांनी म्हैस दावणीला बांधावी तशी होडी दोन्ही टोकांनी गच्च आवळली, गाठी ओढून पाहिल्या आणि खुशीत पट्टा आणायला बाजारात गेले. बेंगळूरच्या तळ्यातलं पाणी वर्षातून एकदा उतरतं, तेही सगळ्या गावाला सांगून. इथं ते रोज उतरतं हे त्यांनी पाहिलं होतं, पण ते देखावा म्हणून. त्याचा आपल्या दोराशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

पट्टा मिळवता मिळवता दुपार झाली. परत आले तर धक्क्यावर जत्रा. खालचं पाणी निघून गेलं होतं आणि होडी, दारुड्याने शेजाऱ्याच्या गळ्यात पडावं तशी, धक्क्याला तिरकी लटकली होती. चिकपेटेचा दोर खरंच हत्तीचा होता. हलका असता तर खाली पाणी असतानाच तुटून होडी वाचली असती.

"अण्णा," अंबुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "होडी वाळत घातली काय?"

येसाजीरावांनी गर्दीतल्या एकाचा कोयता उचलला. अंबुबाईने मनगट धरलं. दोर कापला तर होडी खालच्या दगडांवर आपटेल, पाणी परत येईपर्यंत हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. बायको आत होती. येसाजीराव धक्क्यावर पालथे पडले आणि खिडकीत तोंड घालून त्यांनी विचारलं, "लागलं काय?"

"गुडघ्याला," आतून आवाज आला. "सांबार तुमच्या गादीवर आहे."

त्यांना इतकी लाज वाटली की गर्दीदेखत डोळे भरून आले. "शिडी लावतो, उतर," ते म्हणाले. "चुकलं माझं. उद्याच लॉरी बोलावतो. तू नको म्हणायची वाटही बघत नाही."

आत भांडी सरकल्याचा आवाज झाला. मग सोयराबाईंचं डोकं खिडकीत आलं.

"मी नको म्हटलं काय? अकरा माणसांचं घर ते. लग्न होऊन आले तशी चुलीपुढं उभी आहे. तुमचा धंदा बसला, तुमी मोकळे झाला. माझा कुठं बसला? आज न्याहारी करून परत आडवी झाले मी. लग्नानंतर पयल्यांदा. तर तुमी मला लोळवून उठवलं." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तुमाला जायचं तर जावा बेंगळूरला. मी उतरत नाही."

घरातले अकरा म्हणजे कोण कोण, हे येसाजीराव मनात मोजू लागले. जेवायला बसलेले दहा भरले. अकरावी कधी जेवायला बसते, हे काही केल्या त्यांना आठवेना.

संध्याकाळी पाणी चढलं आणि होडी हळूहळू सरळ झाली. अंबुबाईने दोर किती ढिला ठेवायचा ते आतल्या बाईला दाखवलं, बाहेरच्या बुवाकडे तिने पाहिलंही नाही. सोयराबाईंनी दोर सोडत सोडत होडी धक्क्यापासून चार हात लांब नेली. येसाजीराव काठावर पट्टा हातात घेऊन उभे होते. स्वतःच्या हाताने जोडलेल्या त्या होडीत जायला त्यांनी परवानगी मागितली.

"येऊ काय मी?"

"स्वल्प थांबा," सोयराबाई आतून म्हणाल्या. "झोप पुरी व्हायची आहे माझी."

येसाजीराव धक्क्यावर बसून राहिले.