रिकामी पिशवी ठेवायची नाही

आणलेली भाजी संपते, पण कॅरीबॅग मागं राहते आणि तिच्यासोबत एखादा किस्साही राहतो. बीदरला मैलूरमधलं आमचं घर लहान, पण या दोन्ही गोष्टींचा साठा मोठा!

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, एका पिशवीत सगळ्या पिशव्या कोंबून खिळ्याला टांगायच्या. "कामाला येत्यात," म्हणायच्या. एके दिवशी तो खिळा भिंतीच्या ढलप्यासकट खाली आला.

हे म्हणाले, "आता तरी टाक माय!"

"पिशव्याला काय झालंय? खिळा कच्चा होता."

*

हसायची गोष्ट इथवरच. आमची सानू आता कुठं चालायला लागली आहे. हाताला लागेल ते तोंडावर ओढते. एकदा मी भाकरी थापत होते. वळून बघते तर पोरीनं पिशवी डोक्यात घातलेली! पिठाच्या हातानंच ओढून काढली. पोरगी हसत होती, मी तिला पोटाशी धरून बसले.

"सगळ्या पिशव्या आजच्या आज फेकून द्या," मी म्हणाले.

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत? लई भेकड हायस बघ तू."

मी ऐकेना, त्या ऐकेनात. शेवटी असं ठरलं, की पिशवी फेकायची नाही, पण रिकामीही ठेवायची नाही. घरात आली की लगेच कामाला लावायची. तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो. दिवसातून कितीदा तरी पलंगाखाली वाकून बघते.

*

शेजारच्या गंगक्कानं पिशव्यांच्या पट्ट्या कापून वेणी घालायला शिकवलं. मी बसून बसून एक पायपुसणं केलं. हे कामावरून आले, ओले पाय त्यावर ठेवले आणि उंबऱ्यापासून थेट गॅसच्या ओट्यापाशी!

"पाय पुसायला केलीस का मला पाडायला?"

आत्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आत तर लवकर आलास की!"

*

दुधाच्या पिशव्यांत माती भरून कढीपत्त्याची रोपं केली, गल्लीत वाटली. सगळ्यांची जगली. परवा गंगक्का रागानंच म्हणाली, "रोप कामून दिलीस मला? पानाच्या निमित्तानं येऊन बसत होते की!"

*

कलबुर्गीच्या साडीच्या दुकानातली जाड पिशवी आम्ही मानानं जपतो. ठाणाकुशनूरला आत्यांच्या भाचीकडं बारशाला गेलो, तेव्हा वाटेत खायला भाकरी-ठेचा तिच्यात घातला होता. आहेराची साडी साध्या पिशवीत. भाचीच्या जावेनं ती जाड पिशवी दोन्ही हातांनी घेतली, देवापुढं ठेवली, वरून हळदकुंकू वाहिलं! मी बोलायला गेले तर आत्यांनी चिमटा काढला. लाजेनं साडी तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन. "मावशी, ठेचा लई झणझणीत होता. पर आहेर कोणाला म्हणायचं, भाकरीला का ठेच्याला?"

*

दुबलगुंडीला आत्यांच्या धाकट्या बहिणीकडं, म्हणजे ह्यांच्या मावशींकडं, जेवणाचं बोलावणं होतं. घर मोठं, आणि जिकडंतिकडं पिशव्या! खुंटीला, खिडकीत, कोपऱ्यात. मला सैपाकघरात हाताखाली घेतलं. सानू ओसरीवर आत्यांजवळ. माझं सगळं लक्ष तिकडंच. पोळी करपली तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं, पोरगी पळून जायली का?"

पहिली पंगत बसली. मावशी आत्यांना म्हणाल्या, "अक्का, ऊठ, ताट वाढलंय."

"बसा तुमी," आत्या म्हणाल्या.

दुसरी पंगतही उठली. आत्या भिंतीला टेकून जागच्या जागी. मावशींचा चेहरा उतरला. "कामून रुसलीस अक्का? काय चुकलं आमचं, सांग तरी."

"रुसू कशाला? सानू निजली का गं?"

"आत्ताच निजली," मी म्हणाले.

"व्हय? मग वाढ ताट."

गुडघ्यावर हात टेकून आत्या उठल्या. त्यांच्या खाली त्या घरातल्या सगळ्या पिशव्या होत्या.