उरलेली बाटली

नाक चोंदेपर्यंत आपल्याला ते आहे हे आठवतही नाही. माझं चोंदलं ते मी कोथरूडहून खराडीला रोज स्कूटरवरून, अख्ख्या शहराची धूळ खात नोकरीला जायचो तेव्हा. कर्वेनगरच्या आमच्या डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब लिहून दिले आणि चष्म्यावरून बघत बजावलं, तीन-चार दिवस घाला, मग बंद.

थेंब घातले की बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. चार दिवसांत सर्दी गेली. बाटली मात्र अर्ध्याहून जास्त उरली, आणि तिथेच घात झाला. आमच्या घरात टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतून पुसून घेतात. उरलेलं औषध टाकणं म्हणजे ताटात अन्न टाकून उठणं. मी म्हटलं, संपेपर्यंत घालू. वडिलांनी मान डोलावली. आमचं एवढं एकमत एरवी होत नाही.

बाटली संपली आणि नाक असं गच्च बसलं, की त्यापेक्षा सर्दी बरी. मी दुसरी आणली. मग एक स्कूटरच्या डिकीत, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक उशाशी. देवळात जाताना लोक खिशात सुट्टे पैसे बघतात, मी बाटली चाचपायचो.

ऑफिसात परदेशी क्लायंटशी फोनवर बोलायचं काम माझ्याकडे होतं. या वयात तेवढाच मान शिल्लक होता. पण कॉल लांबला की थेंबांचा असर उतरायचा आणि माझा आवाज माठातून यायला लागायचा. माझ्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या मॅनेजरने एकदा बाजूला घेतलं. "सर, क्लायंट विचारतोय तुम्ही गाडी चालवताय का. पुढच्या कॉलला दुसऱ्या कुणाला बसवू?" मी म्हटलं, एक संधी द्या. थेंब घातल्यावर म्हटलं, म्हणून निदान त्याला कळलं तरी.

बायकोने मला हाताला धरून पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

"थेंब कधीपर्यंत घातले?"

"बाटली संपेपर्यंत."

"कितवी?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"अहो, तुमची सर्दी केव्हाच गेली. आता हे थेंबच नाक बंद करताहेत. असर उतरला की आतून आधीपेक्षा जास्त सूज येते, की तुम्ही परत घालता." त्यांनी मिठाच्या पाण्याचा साधा फवारा आणि सूज उतरायला दुसरा एक स्प्रे दिला. थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायचे, ती मोकळी झाली की दुसरीत. काही दिवस चिडचिड होईल, म्हणाले.

"म्हणजे घरात कुणाला फरक कळणार नाही," बायको म्हणाली.

ते दिवस मी नाकाशी भांडण्यात काढले. उजवी बाजू बंद, डावी चालू. वन-वे रस्त्यासारखा श्वास. मुलीने हाक मारली तरी वसकन अंगावर जायचो. कॉलच्या दिवशी उजवी जेमतेम उघडली होती. ड्रॉवरमधल्या बाटलीकडे पाठ करून बसलो आणि वाक्यागणिक थांबून, श्वास घेऊन बोललो. संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "आज सावकाश बोललात ते बरं झालं, सर. सगळं कळलं. पुढचेही तुम्हीच घ्या." माझ्या इतक्या वर्षांच्या इंग्रजीचं श्रेय शेवटी अर्ध्या नाकाला गेलं.

पुढे डावी बाजूही सुटली. शेवटची बाटली अर्धी भरलेली होती. जिवावर आलं, पण कचऱ्याच्या डब्यात टाकली. चहा घेऊन आलो तर ती फडताळात, पुसून, वडिलांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांशेजारी उभी.

"अर्धी आहे की," वडील म्हणाले. "मलाही सकाळपासून जरा शिंका येताहेत."

मी बाटली उचलली, बेसिनपाशी गेलो आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. वडील दारात उभे राहून बघत होते, मी साजूक तूप ओतत असल्यासारखे.

"रिकामी तरी ठेव," ते म्हणाले.