श्वास तेवढे उरले

आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आमच्या घराची आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या घराची भिंत एकच. २०२०च्या लॉकडाउनमध्ये त्याचा माउथऑर्गन आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तरुणपणी तो लंडनला एका पबच्या मागच्या खोलीत रिदम अँड ब्लूज बँडमध्ये वाजवायचा. आधी ऐकायला मोजकी पोरं, मग रस्त्याच्या वळणापर्यंत रांग, मग टीव्हीचं बोलावणं. नेमकी तेव्हाच आई आजारी पडली आणि तो गावी परतला. त्याच्या जागी दुसरा आला. म्हाताऱ्याने बांधलेली सुरावट त्या दुसऱ्याने रेकॉर्डवर वाजवली आणि तिच्यावर बँड जगभर गेला.

आता बँडवर फिल्म निघत होती. "एकदा तरी ती सुरावट माझी म्हणून ऐकू दे लोकांना," तो कुंपणापलीकडून म्हणाला. "तू कॉम्प्युटरवाला ना? कर की रेकॉर्ड, आणि दे त्या फिल्मवाल्यांना पाठवून."

मी लॅपटॉप बाहेर आणला. त्याने डोळे मिटून, रेंगाळत वाजवलं. मग धापा टाकत म्हणाला, "त्या पठ्ठ्यापेक्षा बरं जमलं की नाही?"

"ग्रँड!" मी म्हणालो.

सकाळी फाइल लावली, तर सुरावट नव्हतीच. ऑनलाइन मीटिंगमधून माणसाच्या आवाजाखेरीज सगळं, अगदी कुकरची शिट्टीसुद्धा, पुसून टाकणारा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. सवयीने तो चालूच राहिला होता. त्याने संगीताला गोंगाट ठरवलं होतं. उरले होते फक्त श्वास. आत, बाहेर, तालात. आणि मध्ये अशी शांतता, जी कुठल्याच जिवंत जागेत नसते.

"अरे, सांग ना त्यांना. परत वाजवतील," बायको म्हणाली.

"सांगितलं," मी म्हणालो. सांगितलं नव्हतं. माझाच प्रोग्रॅम, लाज वाटली. म्हातारा विचारायचा, "पाठवलंस?" मी मान हलवायचो. थंडीत त्याला अँब्युलन्स घेऊन गेली, ती कायमचीच.

वॉटरफोर्डला राहणाऱ्या त्याच्या मुलीला त्याने रेकॉर्डिंगचं सांगितलं होतं. तिने ते मागितलं, अंत्यविधीला लावायला. मी काही न लिहिता फाइल पाठवून दिली.

चर्चमध्ये मोजकीच माणसं. आम्ही घरून स्क्रीनवर पाहत होतो. शवपेटीजवळच्या स्पीकरमधून तो श्वास घेऊ लागला. पुढच्या बाकावरची बाई दचकून उभी राहिली. मुलीने पेटीच्या झाकणावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. बंद कर, असं कुणीच म्हणालं नाही.

संध्याकाळी मी तिला फोन करून सगळं सांगितलं. फिल्मवाल्यांकडे काहीच गेलं नव्हतं, तेही.

ती म्हणाली, "तुम्ही रोज ऐकायचात ना? गुणगुणून दाखवा."

मी सुरुवात केली. तोंडातून आली ती रेकॉर्डवरची, त्या दुसऱ्याची, धावती.

"ही नाही," ती म्हणाली.

मी परत प्रयत्न केला. परत तीच आली.