हेलनच्या पणजोबांचे वडील

आमच्या लायब्ररीतल्या फॅमिली हिस्टरीच्या टेबलावरून पेनं पळवली जातात, चष्मे विसरले जातात, किस्से मात्र साचत राहतात. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या या लायब्ररीत मी पार्टटाइम काम करते. दर गुरुवारी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदी स्क्रीनवर मोठ्या करून वाचायच्या. पुसट शाई, वेडंवाकडं अक्षर. घरी पोचेपर्यंत डोकं नुसतं भणभणत असतं!

हे सगळं हेलनसाठी. वय शहाऐंशी, मागेपुढे कोणी नाही. तिला एकच नाव हवंय. तिचे पणजोबा थॉमस हेन्री त्या खेड्यात जन्मले, त्यांचे वडील कोण? बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ आहे.

"मी जायच्या आधी तो रकाना भरायचाय," ती म्हणते. मी "सापडेल" म्हणते. तीन वर्षं झाली, हेच चाललंय.

* * *

माझ्या मदतीला देशमुख काका. नागपूरहून रिटायर होऊन मुलाकडे आले आणि घरी कंटाळले म्हणून व्हॉलंटियर झाले. मी त्यांना काका म्हणते हे ऐकून ऑफिसने बॅजवर तेच नाव छापलं. आता शहाऐंशीची हेलन एकाहत्तरच्या माणसाला खुशाल "गुड मॉर्निंग, काका!" म्हणते.

"जाऊ दे, पुतणी म्हणू तिला," काका म्हणाले.

* * *

पहिल्याच महिन्यात काकांनी जाहीर केलं, "सापडलं ना बाप्पा! रकाना रिकामा असला म्हणून काय झालं? थॉमस हेन्री. बापाचं नाव हेन्री!"

मी दमलेली होते. आणि खरं सांगते, मलाही ते बरोबरच वाटलं! आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडीलच. दोघांनी मिळून त्या खेड्यातला एकुलता एक हेन्री हुडकला, त्याची सगळी वंशावळ काढली. हेलनने घरच्या बायबलात पेनाने नाव लिहिलं.

मग हेन्रीच्या जन्माची नोंद मिळाली. बाप मुलापेक्षा चार वर्षांनी लहान होता!

पुढच्या गुरुवारी हेलन येताना व्हाइटनर घेऊन आली. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी लंचलाही गेले नाही.

* * *

नाशिकला काकांच्या घराण्याचे उपाध्ये आहेत. आडनाव आणि गाव सांगितलं की दहा मिनिटांत सात पिढ्या काढून देतात. काकांनी इंग्लंडला ईमेल टाकला, "तुमच्या गावच्या नामावळी कुठल्या भटजींकडे असतात?"

तिकडचे कागद सांभाळणाऱ्या बाईंनी फार नम्रपणे कळवलं की पाद्री एकच आहेत, त्यांच्याकडे पाच गावं आहेत आणि इथे ते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात.

"म्हणजे तलाठीच की!" काका म्हणाले. तेव्हापासून त्यांना त्या गावाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

* * *

माझ्या मुलीला, इराला, शाळेत फॅमिली ट्री करायची होती. मला पणजीचं नाव सांगता येईना. माहेरचं नाही, सासरचंही नाही.

"बट मॉम, धिस इज लिटरली युअर जॉब!"

मी पोळ्या लाटत राहिले. फार वाईट वाटलं.

* * *

गेल्या गुरुवारी त्या बाईंनी एक नवा स्कॅन पाठवला. गरिबांना मदत देणाऱ्या गावकमिटीची वही. ते अक्षर मलाच लागतं, म्हणून मी मोठ्याने वाचलं. एका बाजूला हेलन, दुसऱ्या बाजूला काका.

थॉमसच्या आईला कमिटीपुढे उभं केलं होतं. मुलाच्या बापाचं नाव विचारलं. सांगत नाही. पुन्हा विचारलं. सांगत नाही. मदत बंद करू अशी ताकीद दिली. सांगत नाही.

काका म्हणाले, "अजून वह्या असतील ना. पुन्हा कधी विचारलं असेल, तेव्हा सांगितलं असेल. मी आजच ईमेल करतो."

"काका, तीनदा नाही म्हणालीये ती," हेलन म्हणाली, आणि माझ्या हातातला माउस घेऊन तिने स्वतःच तो स्कॅन बंद केला.