अंबादास बोलत होता

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी येरमाळ्याच्या चौकातल्या हॉटेलात एका अनोळखी ट्रकवाल्याला सांगत होतो, की आमच्या संबळाच्या दणक्यानं एकदा बालाघाटाचा एक डोंगर वीतभर मागं सरकला होता. ट्रकवाला मान डोलवत होता, चहा गार होत होता, सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात अंबादासचा मुलगा दत्ता फोनवर म्हणाला, "नाईककाका, आप्पा गेले." मी म्हणालो, "कुठं गेला?" कारण अंबादास बाजारात जायचा, देवळात जायचा, गोंधळाला जायचा, पण असा… दत्ताला हुंदका आला तेव्हा कळलं. सकाळी अंघोळ करून ओट्यावर भिंतीला टेकला होता. टेकलेलाच राहिला.

पुढं जे झालं ते मी रचून सांगितलं असतं तर तुम्हीच मला हाकलून दिलं असतं. ज्या फिल्ममुळं अंबादास आणि मी महाराष्ट्राला माहीत झालो, तिच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मलाही घेतलेलं आहे. मी लिहिलं, अंबादास गेला. पहिलं उत्तर काय, तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं ते पिवळं तोंड. मग तसल्या तोंडांची तुळजापूरच्या दर्शनबारीएवढी रांग लागली. एक जण म्हणे, "नाईककाका, ह्या वेळी नाही फसणार!" दुसरा म्हणे, "दुसरा भाग येतोय वाटतं." तिसऱ्यानं विचारलं, "जाताना तरी काही बोलले का?" मी लिहिलं, खरंच गेलाय रे बाबांनो. त्यावर तर लोकांनी टाळ्या पाठवल्या. मातीला लातूरहून दोघं गडी आले ते मोबाईल उभा धरूनच. तिरडी उचलली तरी त्यातला एक दुसऱ्याच्या कानात सांगत होता, "बघ, वेशीपाशी उठतेत." वेस गेली. ओढा गेला. मग मोबाईल खाली आला आणि तो गडी असा रडला, की अंबादासच्या सख्ख्या मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती फिल्म न बघितलेली माणसं महाराष्ट्रात चार-दोनच उरली असतील, त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याच्या काही पोरांनी ती केली. दिसायला अगदी माहितीपट. भारदस्त आवाजात निवेदन, माणूस बोलला की खाली त्याचं नाव, मधूनमधून मावळता सूर्य. पण आत सगळं खोटं आणि सगळं हसायचं. 'जगातली सर्वांत थोर गोंधळ पार्टी' कशी फुटली, याचा इतिहास. त्या पार्टीचा नाईक मी, म्हणजे संबळ वाजवत पुढं होऊन आख्यान सांगणारा. मला त्यांनी सांगितलं, कॅमेऱ्यापुढं वाटेल तेवढ्या थापा मारा. एवढ्या आदरानं मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझा तुणतुणेवाला अंबादास? तर म्हणे एका लग्नात त्याच्या तुणतुण्याची तार तुटली, त्या दुःखानं त्यानं बोलणं सोडलं, आणि तेव्हापासून अख्खी पार्टी त्याच्या तोंडून एक शब्द काढायला धडपडते आहे. दिग्दर्शक म्हणाला, "एक जण एवढा बोलतो, तर शेजारी एक जण गप्प पाहिजे." अंबादासनं विचारलं, "म्हंजी नुसतं बसायचं? अन् जेवण तुमच्याकडं?" ते व्हय म्हणाले. "मग बसतो की. पर आमच्या घरात कुणी इस्वास ठिवणार न्हाय."

घरातल्यांनी का ठेवावा? अंबादास बोलायला लागला की एसटीचा कंडक्टर घंटी मारायला विसरायचा. येरमाळा ते परंडा त्यानं एका दमात बोलून काढलेलं मी पाहिलंय. मधी बार्शीला गाडी बदलली, वाक्य बदललं नाही. आणि हे नुसतं तोंडाळपण नव्हतं, ते त्याचं काम होतं. गोंधळात नाईकानं आख्यान हवेत न्यायचं असतं आणि साथीदारानं मधी मधी अडवून त्याला जमिनीवर आणायचं असतं. मी संबळावर टिपरू मारून म्हणायचो, "अहो, राजाच्या महालाला बारा कोसांचा दरवाजा!" की अंबादास तुणतुणं थांबवून विचारायचा, "बारा कोसांचा? मग संध्याकाळी लावायचा तर सकाळीच निघावं लागत असंल." मांडवातली माणसं लोळायची. मीही लोळायचो, दरवाजा माझाच असून. दर वेळी तो काहीतरी नवं काढायचा. कधी त्या दरवाज्याला तेल घालायला सोलापूरहून टँकर मागवायचा, कधी कडी लावायला पाव्हणे बोलवायचा. त्याच्या भरवशावर तर मी थापा मारल्या. मागं ओढणारा होता म्हणून पुढं पळालो.

फिल्म आली आणि लोक आमच्या गावात यायला लागले. कुठून कुठून आले म्हणून सांगू… एक जण तर अमेरिकेतून आला, त्याचं विमान म्हणे आमच्या गावावरून जाताना जरा हळू झालं. पण त्यांना मी नको होतो. माझ्याबरोबर फोटो काढायचे आणि लगेच विचारायचे, "मौनीकाका कुठं आहेत?" चैत्रात येडाई देवीच्या यात्रेला आलेलं नांदेडचं एक कुटुंब पहिल्यांदा त्याच्या दारात उभं राहिलं. अंबादास आपला घरातून बाहेर येत म्हणाला, "या की, या, बसा, उन्हाचं आलात…" आणि त्यांच्यातल्या लेकीचं तोंड असं उतरलं, जणू रांगेतून पुढं पोचावं आणि देवळाचं दार लागावं. अंबादासनं ते बघितलं. बाकीचं बोलणं गिळलं, हात जोडले आणि तो खांबाला टेकून बसला. लेकीचं तोंड पुन्हा फुललं. ती मंडळी गेल्यावर मी चिडून विचारलं, "आरं, बोलायचास की!" तर म्हणाला, "येवढ्या लांबून आले नाईक. दारातून नाराज कसं धाडावं?"

तिथून ते सुरू झालं. चाहते यायचे, त्याच्या समोर मांडी घालून बसायचे आणि फिल्ममधल्यासारखं त्याला बोलतं करायचा खेळ खेळायचे. कुणी कोडी घालायचं, कुणी मुद्दाम म्हणायचं, "तुणतुणं काय, कुणीपण वाजवतं." तेव्हा त्याचे कान असे लाल व्हायचे की त्यावर गोंधळातली पोत, देवीची ती मशाल, पेटवून घ्यावी. पण शब्द नाही. एक ताई तर डोळे पुसत म्हणाली, "काका, तुमचं मौन आमच्याशी खूप बोलतं." आतून त्याची बायको, सुंदरावहिनी, ओरडली, "तुमच्याशी बोलतंय व्हय? मग जरा घिऊन जावा घरी. मला निवांत पडू तरी दील!" सगळे टाळ्या वाजवून हसले. त्यांना वाटलं, हाही फिल्ममधलाच प्रसंग.

इथवर मलाही मजाच वाटत होती. मजा गेली ती सोनारीला. तिथं एका लग्नघरी आमचा गोंधळ होता. मी आख्यानातल्या दरवाज्याशी आलो, टिपरू मारलं, बारा कोस मोजून ठेवले. अंबादासनं तुणतुणं थांबवलं, तोंड उघडलं… आणि पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला, "ओ बुवा, तुमी नका बोलू! सगळी मजा जाती." लगोलग यजमान उठले, हात जोडून म्हणाले, "बुवा, पाव्हण्यांची हौस हाय. तुमी नुसतं बसा." अंबादास नुसता बसला. मीच विचारलं, मीच उत्तर दिलं, दोन्हीकडून मीच तो दरवाजा ओढत राहिलो. लोक त्याच्या मिटलेल्या तोंडाकडं बघून हसत होते. पोत पेटवून देवीला बोलावणं केलं तेव्हाही हसत होते. त्या जागी कुणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं. वाईट हसणं नव्हतं ते, मायेचं होतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

परत येताना टेम्पोत तो बराच वेळ तुणतुण्याची खुंटी पिळत होता. मग म्हणाला, "नाईक, तुमचा दरवाजा आज उघडाच ऱ्हायला."

"ऱ्हायला खरा."

"फुडल्या येळी बोलू का म्या?"

जन्मभर ज्याला गप्प बस म्हणून दमलो, त्यानं बोलायची परवानगी मागितली. मी म्हणालो, "तुझं काम हाय ते अंबादास. बोल." पुढच्या गोंधळाला बोललाही तो. लोकांनी ऐकून घेतलं, पण पाव्हण्याच्या घरचं अळणी जेवल्यासारखं. उठताना एक म्हातारी म्हणाली, "फिल्मीतला बरा व्हता." त्यानंतर मांडवात त्यानं तोंड उघडलं नाही. दिवसभराचं गिळलेलं सगळं घरी नेऊन वहिनींपुढं ओतायचा. मला वाटायचं, थोडे दिवस जाऊ देत, लोक ती फिल्म विसरतील, मग पुन्हा आपण आणि आपला दरवाजा. लोक विसरले नाहीत. अंबादास गेला.

तो खरंच गेलाय हे पटल्यावर चाहत्यांनी धाराशिवला शोकसभा ठेवली. मागं मोठा फलक, त्यावर 'मौनाचा महर्षी'. सगळे मिनिटभर गप्प उभे राहिले, मग आणखी थोडे गप्प राहिले, कारण म्हणे त्याला तीच खरी श्रद्धांजली. मग मला बोलायला उठवलं. मी माइक धरून म्हणालो, "अंबादास मुका नव्हता. तो लई बोलायचा. माझ्याहून जास्त बोलायचा. गोंधळातलं निम्मं हसू त्याचं होतं." हॉल हसून फुटला. मी म्हणालो, "देवीची शपथ, खरं सांगतोय." आणखी हसले. माझे डोळे भरून आले तर मागून एक जण म्हणाला, "काय अ‍ॅक्टिंग करतंय म्हातारं!" आणि टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला माझ्या सगळ्यात बेफाम थापेलाही पडल्या नव्हत्या. मी खाली येऊन बसलो. थापा मारायला ताकद लागत नाही हो, माणूस जन्मभर मारू शकतो. खरं पटवायला लागते, आणि ती माझ्यात आता उरलेली नाही.

म्हटलं, आपल्या तोंडावर नाही तर त्याच्या आवाजावर तरी विश्वास ठेवतील. दत्तानं आणि मी त्याचा आवाज शोधायला घेतला. लग्नांच्या व्हिडिओत त्याच्या बोलण्यावर सनईची गाणी घातलेली. दत्ताच्या मोबाईलमध्ये फोटोच फोटो, सगळे तोंड मिटलेले. शेवटी दिग्दर्शकाला फोन लावला. शूटिंग चालू नसताना तर हा अखंड बडबडत होता, काहीतरी सापडेलच की. त्या भल्या पोरानं आधी माफीच मागितली. मग म्हणाला, "काका, त्यांना आम्ही माइक लावलाच नव्हता. ते बोलणार नव्हते ना…"

हे वहिनींना कसं सांगायचं, या विचारात परवा त्यांच्याकडं गेलो. त्या पडवीत बसल्या होत्या, हातात मोबाईल. दत्तानं त्यांना ती फिल्म लावून दिली होती. अंबादास असेपर्यंत त्यांनी ती बघितलेली नव्हती. "बोलतं माणूस मुकं झालेलं कशाला बघू," म्हणायच्या. मला म्हणाल्या, "बसा भावजी. ह्ये बगा." बघितलं तर त्यांच्याच अंगणात बाजेवर बसून मी कॅमेऱ्याला माझ्या घोड्याची गोष्ट सांगतोय, हातवारे करकरून. मागं खांबापाशी अंबादास तुणतुणं घेऊन बसलाय, मान दाराकडं. चाहत्यांचा हा लाडका प्रसंग. लाखो लोकांनी बघितला असेल, मी स्वतः कितीदा. सगळे माझ्याकडं बघत होते, मी धरून.

"वहिनी… ह्याचं तोंड हलतंय."

"व्हय मग. बोलतेत ते."

"काय बोलतोय?"

"मलाच बोलतेत की. म्या दारात उभी व्हते, चहाचं इचारायला. तर म्हणले, 'येवढ्यात नगं ठिवू. नाईक आत्ताशी घोड्यावर बसलेत, उतरायला दिस मावळंल.'"

मी हसलो. तो गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि मग ते हसू कुठं थांबवावं ते कळेना. हात खिशातल्या मोबाईलकडं गेला होता. ग्रुपवर टाकावं, म्हणावं बघा, बोलतोय की नाही बघा! पण हात परत घेतला. तो प्रसंग नेमका कितव्या मिनिटाला आहे ते मी इथंही लिहिणार नाही. उद्या त्या हलणाऱ्या ओठांत हजार जण आपापली वाक्यं घालतील, आणि मायेनंच घालतील.

वहिनींनी प्रसंग मागं नेऊन पुन्हा लावला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, माझं तोंड पडद्यावर एवढं चाललंय आणि ऐकू तर काहीच येत नाही. मी म्हणालो, "वहिनी, मोबाईल बिघडलाय का? आवाज कुठं येतोय?"

"बिघडला न्हाय. म्याच बंद केलाय, भावजी. तुमच्या आवाजात त्येंचं ऐकू येत न्हाय."

दुपारची भांडी आवरली की त्या रोज अशा पडवीत येऊन बसतात, मोबाईलचा आवाज पार बंद करतात आणि ऐकतात.